नाव, पत्ता आणि घर : एका वैयक्तिक संकेतस्थळाचा इतिहास



संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी "वैयक्तिक संकेतस्थळ आणि त्याच्या सर्व्हरचा इतिहास" असं सांगितलं. फोनवर पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "सर, तुमचा विषय तर तत्त्वज्ञान ना?" मी म्हटलं, आहेच की. पण गेली काही वर्षं न्यायदर्शनाचा माझा जो खरा अभ्यास झाला, तो ग्रंथांपेक्षा संकेतस्थळ दुरुस्त करताना जास्त झाला. कसा झाला ते आज सांगतो. आणि ते सांगायचं तर थोडा इतिहास सांगितल्याशिवाय सांगता येत नाही, कारण माझ्या संकेतस्थळाला जी जी दुखणी झाली, त्यातलं प्रत्येक दुखणं कुठल्या ना कुठल्या जुन्या निर्णयापर्यंत जातं.

आधी घरची पार्श्वभूमी. माझी पत्नी सोलापुरातच शाळेत शिक्षिका होती. सुट्टीत मंगळवेढा, मोहोळ, बार्शी या बाजूच्या खेड्यांत जाऊन म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्यायची. हे काम तिनं काही संस्थेसाठी केलं नाही. महाराष्ट्रात गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी कार्यकर्त्यांच्या मदतीनं एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यापुढे तिचं काम मुठीत मावणारं. ६३८ ओव्या. २०१२ साली, म्हणजे मी निवृत्त झाल्यानंतर, आम्ही ठरवलं की या जगापुढे ठेवायच्या. छापायला प्रकाशक मिळेना. तेव्हा शेजारचा एक इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणाला, "आजोबा, वेबसाइट काढा की. वर्षाला चपलेच्या जोडाएवढा खर्च." त्याचा हिशेब पैशापुरता बरोबर होता.

आता पहिली गोष्ट जी नवशिक्याला कळत नाही, आणि मलाही वर्षभर कळली नव्हती, ती ही की नाव वेगळं, पत्ता वेगळा आणि घर वेगळं. आपण नाव विकत घेतो एका ठिकाणाहून, घर भाड्यानं घेतो दुसऱ्या ठिकाणी, आणि या दोघांची गाठ घालून द्यावी लागते. मी नावाचे पैसे भरले, घराचे पैसे भरले, आणि वाट बघत बसलो. पडद्यावर काहीच नाही. कारण नावाला घर कुठं आहे ते सांगितलंच नव्हतं.

ही व्यवस्था अशी का झाली? १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या अर्पानेट या जाळ्यावर मोजकीच यंत्रं होती. प्रत्येक यंत्राला एक आकडा असायचा आणि माणसांच्या सोयीसाठी एक नाव. कुठलं नाव म्हणजे कुठला आकडा, याची एक यादी कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेली असे. एलिझाबेथ फाइन्लर नावाच्या बाईंच्या हाताखाली ते कार्यालय चाले. नवीन यंत्र जोडलं की त्यांना कळवायचं, त्या यादीत घालणार, आणि सगळ्यांनी ती यादी उतरवून घ्यायची. आपल्याकडच्या पंचांगासारखं. एक पंचांगकर्ता, बाकी सगळे त्यावर विसंबून. यंत्रं वाढली तशी यादी पुरेना. मग १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नवी व्यवस्था मांडली. सगळी यादी एकाकडे ठेवायचीच नाही. ज्यानं त्यानं आपापल्या हद्दीची ठेवायची, आणि वरच्यानं फक्त "त्याबद्दल अमक्याला विचारा" एवढंच सांगायचं. तिलाच आज डीएनएस म्हणतात.

सोलापूरकराला हे समजावणं सोपं आहे. आपण पत्ता लिहितो : घर नंबर, साखर पेठ, सोलापूर, महाराष्ट्र. लहानाकडून मोठ्याकडे. संकेतस्थळाचं नाव तसंच, शेवटचा तुकडा सगळ्यात मोठा. पोस्टमन मात्र उलटा वाचतो, आधी राज्य, मग गाव, मग पेठ. डीएनएसही उलटंच वाचतं. दिल्लीच्या पोस्टाला साखर पेठेतला बोळ माहीत असण्याचं कारण नाही, त्याला सोलापूर कुठल्या दिशेला एवढं कळलं की झालं. आपल्या पिनकोडमागेही हाच विचार आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे पोस्टखात्यातले वरिष्ठ अधिकारी, मराठी माणूस आणि संस्कृतचे मोठे पंडित, कवी. १५ ऑगस्ट १९७२ पासून त्यांनी आखलेला पिनकोड देशात सुरू झाला. ४१३००१ म्हटलं की पहिला चार आपला विभाग सांगतो, पहिले तीन मिळून जिल्ह्याचं टपाल कुठं वेगळं करायचं ते सांगतात, आणि शेवटचे तीन कुठलं पोस्ट ते. एका संस्कृत पंडितानं आकड्यांची अशी उतरंड रचावी याचं मला फार कौतुक वाटतं. पाणिनी वाचलेल्या माणसाला थोडक्यात सांगण्याची सवय लागते.

भारताच्या '.इन' या नावाचं दप्तर सुरुवातीला मुंबईत जुहूला होतं, एनसीएसटी या सरकारी संशोधन संस्थेत. श्रीनिवासन रमणी तिथं प्रमुख होते. १९८९ पासून हे नाव भारताकडे आहे, पण २००५ सालापर्यंत ते घेणं इतकं किचकट होतं की सगळ्या देशात मिळून जेमतेम काही हजार नावं नोंदली गेली होती. २००५ मध्ये नियम सैल झाले आणि माझ्यासारख्याला ते मिळू लागलं. २०१४ मध्ये '.भारत' आलं, देवनागरीत. मी हौसेनं चौकशी केली. पण आत डोकावलं तर कळलं की देवनागरी नाव आत जाताना रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक ओळीत बदलतं आणि जाळ्यावर तीच ओळ फिरते. म्हणजे घरात मराठी, कचेरीत इंग्रजी. आपल्याला सवय आहे.

बरं, नावाची गाठ घालून दिली. तरी पडदा कोरा. मुलाला विचारलं तर तो म्हणे, "आजोबा, पसरायला वेळ लागतो. एक-दोन दिवस." मला वाटलं, हा टोलवतोय. पण ते खरं होतं. जागोजागची यंत्रं जुनं उत्तर काही तास जपून ठेवतात, पुन्हा पुन्हा विचारायला नको म्हणून. प्रत्येक उत्तराबरोबर ते किती वेळ खरं मानायचं हेही लिहिलेलं असतं. तेवढा वेळ संपेपर्यंत ते जुनंच उत्तर देत राहतात. एकाच वेळी पुण्यात मुलीला माझं संकेतस्थळ दिसत होतं आणि मला सोलापुरात दिसत नव्हतं. ती फोनवर म्हणते, "बाबा, दिसतंय की!" मी म्हणतो, "नाही गं." दोघंही खरं बोलत होतो.

आता घराकडे वळू. सर्व्हर म्हणजे काय? नुसता संगणक, दिवसरात्र चालू, मागेल त्याला पान देणारा. पहिला वेब सर्व्हर १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांच्या टेबलावर होता. नेक्स्ट कंपनीचा काळा ठोकळा. त्यावर त्यांनी लाल शाईनं चिठ्ठी चिकटवली होती, की हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. साऱ्या जगाचं वेब त्या क्षणी एका चिठ्ठीवर टिकून होतं. रात्री झाडूवाल्यानं बटण दाबलं असतं तर वेब बंद. मला एकदा वाटलं होतं की आपणही घरीच सर्व्हर ठेवावा, भाडं कशाला द्या? मग आठवलं, आपल्याकडे भारनियमनाच्या काळात दिवसातून किती तास वीज जायची ते. चिठ्ठी कुणासाठी लावणार, महावितरणसाठी?

तर घर भाड्यानंच घ्यायचं. पण ते भाडं इतकं स्वस्त कसं झालं? याचं उत्तर मला फार उशिरा सापडलं, आणि ते सापडल्यावर मी तास-दोन तास नुसता बसून होतो. कारण एका ओळीनं हा सगळा फरक पडला आहे.

सुरुवातीचं वेब असं होतं : ब्राउझर सर्व्हरकडे जायचा आणि म्हणायचा, "अमुक पान द्या." कुणाचं पान, हे सांगायचा नाही. गरजच नव्हती, कारण एका पत्त्यावर एकच घर होतं. म्हणजे प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र आकड्याचा पत्ता लागे. आणि पत्ते मोजके, सगळे मिळून सव्वाचार अब्जांच्या आसपास. जगाची लोकसंख्या त्याहून मोठी. अशानं सामान्य माणसाला पत्ता महागच पडणार. मग एचटीटीपीच्या १.१ या आवृत्तीत, जानेवारी १९९७ मध्ये, नियम आला की ब्राउझरनं विचारताना घराचं नावही सांगितलंच पाहिजे. बस्स, एवढंच.

जुन्या सोलापुरातला वाडा डोळ्यांपुढे आणा. वाड्याला एकच पत्ता, आत पंधरा बिऱ्हाडं. पत्रावर नुसता वाड्याचा पत्ता असेल तर पोस्टमन ते मालकाच्या हातात देणार. पण पत्रावर बिऱ्हाडकरूचं नाव आलं की तेच पत्र थेट माडीवरच्या खोलीत जातं. त्या एका ओळीमुळे एका यंत्रावर, एका पत्त्यावर शेकडो संकेतस्थळं नांदू लागली आणि भाडं चपलेच्या जोडाएवढं झालं. नवशिक्याला हे माहीत असणं उपयोगाचं आहे, कारण कधी कधी आपलं नाव टाकल्यावर भलत्याचंच पान दिसतं किंवा होस्टिंग कंपनीचं स्वागताचं पान दिसतं. घाबरू नये. पोस्टमन वाड्यापर्यंत पोचलाय, वाड्याच्या मालकाला तुमच्या बिऱ्हाडाची नोंद करायची राहिली आहे. आणि वाड्याचे जे तोटे असतात तेही आलेच. शेजारच्यानं नळ सोडून ठेवला की आपल्याला पाणी नाही.

१९९५ हे साल या सगळ्या गोष्टीत फार महत्त्वाचं आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, मोठ्या महानगरांत. सोलापूरकरांना पुढं कितीतरी दिवस एसटीडीच्या दरानंच हे सुख घ्यावं लागलं. पण त्याच वर्षी तिकडे तीन गोष्टी जन्मल्या. अपाची हा फुकट मिळणारा वेब सर्व्हर. मायएसक्यूएल हा स्वीडनमध्ये तयार झालेला माहिती साठवण्याचा प्रोग्राम, त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे, कारण तो माझ्या कथेतला खलनायक म्हणा किंवा अजाण साक्षीदार म्हणा, तो आहे. आणि तिसरी पीएचपी. रासमुस लेरडॉर्फ नावाच्या माणसानं ती स्वतःच्या संकेतस्थळासाठी लिहिली होती. या अद्याक्षरांचा मूळ अर्थच मुळी वैयक्तिक मुखपृष्ठ असा होता. म्हणजे ज्या अवजारांवर पुढं मोठमोठे कारखाने उभे राहिले, त्यातलं एक अवजार एका माणसानं आपल्या घरापुरतं घडवलेलं होतं. आपल्या सोलापूरची चादर ज्या जकार्ड मागावर निघते, त्यावरची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पानंही १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये रेशमावरच्या नक्षीसाठी निघाली होती. तीच कल्पना पुढं आकडेमोडीच्या यंत्रात गेली. असो, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

मराठी माणूस या गोष्टीत मागं नव्हता. १९९६ सालीच अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी 'मायबोली' सुरू केलं. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया. पण मधल्या काळात मराठी पान म्हटलं की आधी सूचना असायची, अमुक फॉन्ट उतरवून घ्या. प्रत्येक वर्तमानपत्राचा फॉन्ट वेगळा. एकाचा घातला की दुसऱ्याचं वाचता येत नसे. खरं म्हणजे ती अक्षरं मराठी नव्हतीच. आत रोमन अक्षरं असायची, फॉन्ट फक्त त्यांच्या तोंडावर मराठी मुखवटा चढवायचा. फॉन्ट काढला की खालून कचरा दिसे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, आपल्या भारतीय मानकाच्या, म्हणजे इस्कीच्या धर्तीवर. पण विंडोज २००० येईपर्यंत घरातल्या संगणकाला ती जोडाक्षरांसकट नीट दाखवता येत नव्हती. आणि आपला 'ॲ', बॅटमधला नव्हे, ॲपलमधला, तो स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आला. सतरा वर्षं आपण तो उसना तयार करून वापरत होतो.

आता न्यायशास्त्राकडे येतो.

एके दिवशी संकेतस्थळ उघडलं तर पडद्यावर ५०० हा आकडा. हे आकडे म्हणजे सर्व्हरची उत्तरं. चारशेच्या घरातले म्हणजे विचारणाऱ्याचं चुकलं, पाचशेच्या घरातले म्हणजे उत्तर देणाऱ्याचं चुकलं. ४०४ म्हणजे असं पान इथं नाही. सर्नमध्ये ४०४ नंबरची खोली होती, तिथून हा आकडा आला, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, खोटी आहे. ४०४ बहुतेक वेळा आपल्याच हलगर्जीपणामुळे येतो. मी फाइलच्या नावात मोठं अक्षर ठेवलं होतं आणि दुव्यात लहान. घरच्या विंडोजला दोन्ही सारखंच वाटतं. सर्व्हरवरच्या लिनक्सला ती दोन वेगळी माणसं वाटतात. घरी सगळं चालायचं, जाळ्यावर गेलं की फोटो गायब. चार दिवस गेले यात.

पण ५०० हा अवघड आकडा. तो फक्त एवढंच म्हणतो की आत काहीतरी बिघडलं आहे. डोंगरावर धूर दिसतोय, आग नेमकी कुठं ते सांगत नाही. मी काय केलं? नवशिके करतात तेच. एकदम पाच गोष्टी बदलल्या. फाइलींच्या परवानग्या सगळ्यांना सताड उघड्या करून टाकल्या, म्हणजे ७७७. पीएचपीची आवृत्ती बदलली. दोन फाइली पुन्हा चढवल्या. काहीच सुधारलं नाही, उलट आणखी बिघडलं. कारण काही सर्व्हर सताड उघडं दार दिसलं की सुरक्षेसाठी स्वतःच ५०० देतात. आता मूळचा ५०० कुठला आणि माझ्या हातानं केलेला कुठला, हे कळायची सोय उरली नाही.

मग रात्री अंथरुणावर पडल्यावर माझी मलाच लाज वाटली. तीस वर्षं वर्गात अन्वय-व्यतिरेक शिकवला. कारण असताना कार्य असणं हा अन्वय, कारण नसताना कार्य नसणं हा व्यतिरेक. दोन्ही तपासल्याशिवाय व्याप्ती ठरत नाही. इंग्रजी तत्त्वज्ञानात जॉन स्टुअर्ट मिलनं हीच पद्धत मांडली, तीही मी शिकवली. आणि प्रत्यक्ष प्रसंग आला तेव्हा पाच गोष्टी एकदम हलवल्या! सकाळी उठून सगळं पूर्ववत केलं. फोल्डरना ७५५, फाइलींना ६४४. हे आकडे दिसायला गूढ आहेत, पण वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन, चालवण्याचा एक, एवढीच बेरीज आहे. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा येणाऱ्या-जाणाऱ्याचा. मग एक एक गोष्ट बाजूला करत गेलो. टिंबानं सुरू होणारी 'एचटीॲक्सेस' नावाची एक फाइल असते, सर्व्हरला सूचना देणारी. तिचं नाव बदललं तर पान दिसू लागलं. व्यतिरेक. नाव परत दिलं, ५००. अन्वय. आत बघितलं तर एका शब्दात एक अक्षर जास्त. ते मीच टाकलं होतं, आणि वर म्हणत होतो, मी कशाला हात लावला नाही!

आणि त्याहून सोपा मार्ग होता. सर्व्हर स्वतःच्या चुकांची रोजनिशी लिहीत असतो. एरर लॉग. त्यात कुठल्या फाइलीत काय खटकलं ते स्पष्ट लिहिलेलं होतं. मी अनुमान करत बसलो होतो, आणि शब्दप्रमाण बाजूलाच ठेवलेलं होतं. नैयायिक हसले असते.

आता जे सांगायचं म्हणून मी आज उभा राहिलो, तिथं येतो.

२०१२ ते १४ मधल्या ओव्या त्या मुलानं हातानं लिहिलेल्या पीएचपीच्या पानांवर होत्या. ४११ ओव्या. पुढं तो मुलगा नोकरीला बंगळुरूला गेला. त्यानंतरच्या २२७ आम्ही नव्या तयार प्रणालीत घातल्या. टंकलेखन पत्नीच करायची. २०१७ मध्ये ती गेली. २०१९ मध्ये होस्टिंग कंपनीनं आमचं घर एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर हलवलं. ईमेल आलं होतं, मी नीट वाचलं नाही. त्या दिवसांत मी ते संकेतस्थळ फारसं उघडतही नव्हतो. उघडवत नव्हतं. दीडेक महिन्यानं उघडलं, तर मराठी नाही.

जुन्या ४११ च्या जागी भलतीच अक्षरं. डोक्यावर तिरकी रेघ असलेला फ्रेंच 'ए', मग चारी बाजूंनी टोकं फुटलेलं एक वर्तुळ, मग तिसरंच काही, पुन्हा फ्रेंच 'ए', पुन्हा वर्तुळ. आणि नव्या २२७ च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं.

दिसायला पहिला प्रकार जास्त भयंकर होता. दुसरा निदान नीटनेटका. प्रत्यक्षात पहिला रोग बरा होणारा होता.

कसं ते सांगतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला आकडा आहे. तो साठवायची यूटीएफ-८ नावाची पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखालच्या कागदावर आखली. त्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन खण लागतात, आणि पहिले दोन खण बहुतेक वेळा सारखेच असतात. आता कुणी हे तीन खण एका गठ्ठ्यात न वाचता सुटे सुटे, युरोपीय अक्षरं समजून वाचले, तर पहिला खण म्हणजे तो फ्रेंच 'ए' आणि दुसरा म्हणजे ते वर्तुळ. म्हणून ती दोन चिन्हं सारखी सारखी येत होती. माल शाबूत होता, फक्त लेबल चुकलं होतं. मायएसक्यूएल स्वीडनमधला, म्हणून त्याची कितीतरी वर्षं मूळ समजूत अशी की साठवलेलं सगळं युरोपीय लिपीत आहे, आणि त्याचा वर्णक्रम लावायचा तो स्वीडिश पद्धतीनं! २०१८ साली आठवी आवृत्ती आली तेव्हा ही समजूत बदलली. मंगळवेढ्याच्या बायकांच्या ओव्या सात वर्षं स्वीडिश नियमानं लावलेल्या होत्या, आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं. यंत्र बदललं तेव्हा ते लेबल खरं धरलं गेलं. बंगळुरूच्या मुलाला फोन केला. त्यानं मजकूर उलट पावली युरोपीय लिपीत नेला, लेबल काढून टाकलं, नुसते खण उरले, त्यांवर युनिकोडचं लेबल लावलं. एका रविवारी दुपारी ४११ ओव्या परत आल्या.

प्रश्नचिन्हांचं तसं नाही. तिथं नव्या ओव्यांवर लेबल बरोबर होतं, आणि हलवताना कुणीतरी हुकूम दिला होता की हे युरोपीय लिपीत रूपांतर करून द्या. यंत्रानं प्रामाणिकपणे बघितलं : या 'व' ला तिकडं काही प्रतिशब्द आहे का? नाही. मग प्रश्नचिन्ह. पुढचं अक्षर, नाही, प्रश्नचिन्ह. आणि मूळ अक्षर टाकून दिलं. म्हणजे बरोबर लेबल असलेला माल गेला आणि चुकीचं लेबल असलेला वाचला. जुन्या यंत्रावरची प्रत मागितली तर कंपनी म्हणाली, आम्ही तीस दिवस ठेवतो. माझा दीड महिना झाला होता. मी स्वतः प्रत घेतली होती का? नव्हती. "त्यांच्याकडे असतेच की" असं मी धरून चाललो होतो. इथं दोष कुणाला द्यायचा ते मी ठरवलेलं आहे, आणि तो कंपनीला नाही.

अमेरिकेत ब्रूस्टर केल यांनी १९९६ पासून चालवलेलं इंटरनेट अर्काइव्ह आहे, ते जगातल्या पानांच्या प्रती अधूनमधून घेऊन ठेवतं. आमच्या पानांकडे ते कुणाच्या सांगण्यावरून फिरकलं कोण जाणे. तिथं ११८ ओव्या मिळाल्या. पत्नीच्या वह्यांत ७२. एक वही तिनं कुणाला तरी वाचायला दिली होती, ती आली नाही. उरल्या ३७.

त्या ३७ मी संकेतस्थळावरून काढलेल्या नाहीत. तशाच ठेवल्या आहेत. कारण रूपांतर करताना देवनागरीच्या एका चिन्हामागे एक प्रश्नचिन्ह पडलं आहे, आणि शब्दांमधल्या मोकळ्या जागा आणि स्वल्पविराम जागच्या जागी आहेत. म्हणजे कुठला शब्द किती चिन्हांचा होता ते मला मोजता येतं. काना, मात्रा, हलन्त, सगळं धरून. 'पंढरी' म्हणजे पाच. 'विठ्ठल' म्हणजे सहा : व, त्याची वेलांटी, ठ, हलन्त, ठ, ल. संध्याकाळी मी कागद घेऊन बसतो. गावं माहीत आहेत, बायकांचा ढंग माहीत आहे, ओवी कुठं वळते ते माहीत आहे. एका ओवीच्या दुसऱ्या ओळीत पहिलाच शब्द सहा चिन्हांचा आहे. मी बरेच दिवस तिथं 'विठ्ठल' लिहिला होता. मग एकदा लक्षात आलं की 'माहेरी' हेही सहाच भरतं. 'पंढरी' पाच आणि 'माहेर'ही पाच. यालाच आमच्याकडे सव्यभिचारी हेतू म्हणतात, दोन्ही पक्षांत सापडणारा, म्हणून काहीच सिद्ध न करणारा. सध्या त्या जागी मी पेन्सिलीनं दोन्ही शब्द लिहून ठेवले आहेत, एकाखाली एक.